प्रेशर शाफ्टला उच्च ताकदीचं पोलाद वापरायचं असेल तर: जाडी किती वाचते आणि धोका कुठे सरकतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. सह्याद्रीत पंप्ड स्टोरेजचा (पाणी वर चढवून साठवणाऱ्या आणि हवं तेव्हा खाली सोडून वीज करणाऱ्या प्रकल्पाचा) उभा प्रेशर शाफ्ट आहे, म्हणजे दाबाखालचं पाणी खाली टर्बाइनकडे नेणारी विहिरीसारखी वाट. आतला व्यास ४ मीटर, तळाशी स्थिर हेड (पाण्याच्या स्तंभाची उंची) सुमारे ५०० मीटर. निविदेत स्टील लायनरसाठी (शाफ्टच्या पोलादी अस्तरासाठी) एएसटीएम ए-५३७ क्लास २ हे पोलाद दिलंय. ठेकेदार म्हणतो, त्याऐवजी ६९० मेगापास्कल यील्डचं (म्हणजे एवढ्या ताणापर्यंत कायमचं न ताणलं जाणारं) ए-५१७ वापरू द्या, स्टील ४० टक्के कमी लागेल. सल्लागार कंपनीतल्या एका तरुण अभियंत्याने विचारलंय की हे मान्य करावं का, आणि केलं तर डिझाइनमध्ये काय बदलावं लागेल.

माझं मत आधीच सांगतो. शाफ्टचा खालचा भाग, तळाचा बेंड आणि बायफर्केशन (जिथे नळीला दोन फाटे फुटतात) एवढ्यापुरतं मान्य करा. वरच्या अर्ध्या शाफ्टला अजिबात नको. आणि ४० टक्क्यांचा आकडा तर कागदावरसुद्धा मान्य करू नका.

४० टक्के आले कुठून ते बघा. ए-५३७ क्लास २ चं यील्ड ४१५ मेगापास्कल, ए-५१७ चं ६९०. दोन्हींचं गुणोत्तर काढलं की बरोबर ४० टक्के बचत दिसते. पण परवानगीचा ताण फक्त यील्डवर ठरत नाही, तुटण्याच्या ताकदीवरही ठरतो. अमेरिकन प्रेशर व्हेसल संहितेच्या आठव्या भागातल्या दुसऱ्या विभागाचा नियम घेतला, तर यील्ड भागिले १.५ आणि अंतिम ताणशक्ती भागिले २.४ यांपैकी जे कमी ते धरायचं. ए-५३७ ची किमान ताणशक्ती ५५० मेगापास्कल, म्हणजे परवानगी २२९. ए-५१७ ची ७९५, म्हणजे परवानगी ३३१. दोन्हीकडे ताणशक्तीच आड येते. उच्च ताकदीच्या क्वेंच्ड-टेम्पर्ड (तापवून झटकन थंड केलेल्या आणि पुन्हा तापवलेल्या) पोलादात यील्ड जितकं वाढतं तितकी ताणशक्ती वाढत नाही, यील्ड झाल्यावर हाताशी उरणारी राखीव ताकद कमी असते, आणि संहिता नेमकं तेच मोजते. वॉटर हॅमर (प्रवाह अचानक बदलल्याने येणारा दाबाचा धक्का) धरून तळाचा दाब ६ मेगापास्कल घ्या. खडकाची काहीच मदत न धरता ए-५३७ ला ५२ मिलिमीटर जाडी लागते, ए-५१७ ला ३६. एका मीटर लांबीचं वजन ५.१ टनांवरून साधारण ३.६ टनांवर येतं. बचत ३० टक्क्यांच्या आसपास, ४० नव्हे. त्यातून महागडी प्लेट, महाग इलेक्ट्रोड, प्रीहीट (वेल्डआधी प्लेट तापवणं) आणि वाढीव तपासणी वजा करा, मग पैशांत काय उरतं ते बघा.

३० टक्केही कमी नाहीत. ५२ मिलिमीटरची प्लेट साइटवर रोल करायची, घाटरस्त्याने आणायची, शाफ्टमध्ये उभ्याने जोडायची, आणि प्रत्येक जोडात दीडपट खोल वेल्ड भरायचा. जाडी ५० च्या वर गेली की सगळंच जड जातं. म्हणून तळाशी उच्च ताकदीला खरोखर अर्थ आहे. जपानमध्ये कन्नागावा पंप्ड स्टोरेजला ९५० मेगापास्कल दर्जाचं पोलाद वापरलं ते याच कारणाने. बायफर्केशनमध्ये तर फायदा आणखी मोठा, कारण तिथली सिकल प्लेट (फाट्याला बळ देणारी कोयत्याच्या आकाराची प्लेट) साध्या पोलादात इतकी जाड होते की तिची गुणवत्ताच सांभाळता येत नाही. तिथे जाडीच्या दिशेने तपासलेली, झेड-३५ दर्जाची प्लेट मागा. लॅमेलर टेअरिंगचा (प्लेट आतून थराथरांत फाटण्याचा) धोका ताकदीचा दर्जा वाढवल्याने जात नाही.

आता वरच्या भागाला नको का म्हणतो, ते सांगतो.

पोलादाचा दर्जा कितीही वाढवा, त्याचा इलॅस्टिक मोड्युलस २१० गिगापास्कलच राहतो. ताकद वाढते, ताठरपणा तोच राहतो. शाफ्ट रिकामा केला की बाहेरचं भूजल लायनरला आत ढकलतं, आणि त्या बकलिंगमध्ये (लायनर आत चेपण्यात) जाडीचा घन येतो. मोकळ्या नळीचं साधं गणित केलं तर ५२ मिलिमीटरचं लायनर बाहेरचा सुमारे १०० मीटर पाण्याचा दाब सोसतं, ३६ चं ३४ मीटर, आणि खडकाची मदत धरून २२ मिलिमीटरपर्यंत खाली आलात तर जेमतेम ८ मीटर. काँक्रीटमध्ये बसवलेल्या लायनरचा आकडा याहून बराच मोठा येतो, कारण बाहेरून आधार असतो. तो अॅमस्टुट्झ किंवा जेकबसनच्या पद्धतीने, प्रारंभिक फट धरून काढायचा. पण जाडी कमी झाल्यावर घसरण किती वेगाने होते ते या साध्या गणितातही दिसतं. वरच्या भागात आतला दाब कमी, त्यामुळे जाडी बाहेरच्या दाबाने किंवा हाताळणीच्या किमान जाडीने ठरते. ४ मीटर व्यासाला अमेरिकन ब्युरो ऑफ रेक्लमेशनच्या सूत्राने ही किमान जाडी ११ मिलिमीटरच्या थोडी वर येते. तिथे ६९० चं पोलाद घातलं तर त्याची ताकद कधी वापरलीच जात नाही.

सह्याद्रीत हे जास्त गंभीरपणे घ्यायला हवं. वर जलाशय, पठारावर चार महिने पाऊस, आणि बेसाल्टच्या आडव्या थरांमधून पाणी बाजूला सरकत शाफ्टपर्यंत येतं. ड्रेनेज गॅलरी आणि ड्रेन होल जरूर द्या, पण बाहेरचा दाब ठरवताना त्यांची पूर्ण सूट घेऊ नका. सिमेंटमधून झिरपलेल्या चुन्याने ड्रेन बुजतात, आणि बुजले आहेत हे बाहेरून कळत नाही. पिझोमीटर (भूजलाचा दाब मोजणारी उपकरणं) लावा, आणि शाफ्ट रिकामा करण्याचा वेग त्यांच्या वाचनांवर बांधून ठेवा. स्टिफनर रिंग (लायनरला ताठर करणारी कडी) हा दुसरा मार्ग आहे, पण उच्च ताकदीच्या प्लेटवर प्रत्येक रिंगचा फिलेट वेल्ड ही एक नवी खाच असते. माझी पसंती आधी ड्रेनेज, मग जाडी, आणि रिंग शेवटी अशी आहे.

खडकाची मदत किती धरायची यावर मात्र जरा थांबायला हवं. ठेकेदाराचा पुढचा प्रस्ताव इथेच येईल. तो म्हणेल, ३६ नको, खडक निम्मा दाब घेतो, २२ पुरेल.

लायनर दाबाने फुगतं, आधी मधली फट मिटते, मग काँक्रीटमधून दाब खडकावर जातो. फट येते ती मुख्यतः थंड पाण्याने पोलाद आकुंचन पावल्यामुळे. २० अंशांच्या फरकाला २ मीटर त्रिज्येत साधारण ०.६ मिलिमीटर. या फटीसह २२ मिलिमीटरच्या लायनरचं गणित केलं. खडकाचा मोड्युलस १० गिगापास्कल धरला तर खडक दाबाचा सुमारे ६६ टक्के भाग घेतो आणि पोलादात ताण राहतो १८४ मेगापास्कल. छान वाटतं. मोड्युलस २ गिगापास्कल धरला की खडकाचा वाटा ३४ टक्क्यांवर येतो आणि पोलादातला ताण ३६२ होतो, म्हणजे परवानगीच्या वर. आणि खडक अजिबात नाही असं धरलं तर ५४५. हेच गणित ए-५३७ च्या ३६ मिलिमीटर लायनरला केलं तर चांगल्या खडकात १५९, कमजोर खडकात २६०. तेही परवानगीच्या वर जातं, पण ताणातला फरक १०० मेगापास्कलचा आहे, पातळ लायनरमध्ये तो जवळजवळ १८०. लायनर जितकं पातळ तितकं ते खडकावर जास्त विसंबतं, आणि खडक बदलला की त्याला जास्त झळ लागते.

आणि बेसाल्टमध्ये खडक बदलतोच. उभा शाफ्ट एकामागून एक लाव्हाचे थर कापत जातो. घट्ट बेसाल्ट, खाली अॅमिग्डेलॉइडल (खनिजांनी भरलेल्या बुडबुड्यांचा), मग ब्रेशिया (तुकड्यांचा खडक), आणि दोन थरांच्या मधे हाताएवढ्या किंवा पुरुषभर जाडीचा रेड बोल, म्हणजे लाल मातकट थर. हा रेड बोल खोदताना कोरडा, टणक दिसतो. दोन-चार दिवस ओल्या हवेत उघडा राहिला की भुगा होऊन पडायला लागतो. त्याच्यावर मोड्युलसची सरासरी काढून चालत नाही. लायनरला सरासरी ठाऊक नसते, त्याला तो दोन मीटरचा पट्टाच जाणवतो, आणि पट्ट्याच्या वरच्या-खालच्या सीमेवर वाकण्याचा ताण येतो तो वेगळाच. म्हणून मोड्युलस थरागणिक द्या. प्लेट जॅक किंवा गुडमन जॅकने मोजलेला द्या. स्फोटांनी सैल झालेल्या खडकाचा पट्टा वेगळा धरा. रेड बोलच्या पट्ट्यात, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेका व्यासाइतक्या लांबीत, खडकाची मदत शून्य धरा.

वर आणखी दोन बंधनं. खडकाची मदत पूर्ण काढून टाकली तरी लायनरमधला ताण यील्डच्या ८० टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे. आधीच्या गणितातलं २२ मिलिमीटरचं लायनर ५४५ वर नेमकं त्या मर्यादेत बसतं, त्याहून पातळ नको. दुसरं, खडकावर टाकलेला दाब खडकाच्या स्वतःच्या वजनाने तोलला गेला पाहिजे. ४ मेगापास्कल खडकावर टाकायचे तर, सुरक्षा गुणक न धरताही, १५० मीटरच्या आसपास खडक हवा. उभ्या शाफ्टखाली तो वरून मिळतो. पण आडवा बोगदा घाटाच्या कड्याकडे निघतो तिथे बाजूचं आवरण मोजा, फक्त डोक्यावरचं नको. सह्याद्रीचा कडा उभा आहे, आडवं अंतर भराभर संपतं.

हे इतकं ताणून का सांगतो, त्याला स्वित्झर्लंडमधल्या क्लेझाँ-दिक्सांस प्रकल्पाचं कारण आहे. बियुद्राँ वीजगृहासाठी बांधलेला हा शाफ्ट १९९८ मध्ये चालू झाला. हेड १,८८३ मीटर, म्हणजे जगात सर्वांत जास्त, आणि प्रत्येकी ४२३ मेगावॅटची तीन पेल्टन टर्बाइन्स. लायनरला उच्च ताकदीचं पोलाद. १२ डिसेंबर २००० च्या रात्री, तळाशी नव्हे तर सुमारे १,००० मीटर हेडच्या पातळीवर, लायनर फाटलं. चीर साधारण ९ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद होती. नांदाझ भागात पाण्याने सुमारे १०० हेक्टर कुरणं, बागा आणि जंगल उद्ध्वस्त केलं आणि तीन माणसं गेली. कारणं एकाहून जास्त होती, पण त्या ठिकाणचा खडक कमजोर होता हे त्यातलं एक ठळक कारण. वीजगृह पुन्हा पूर्ण चालू व्हायला २०१० उजाडलं. सर्वांत जास्त दाबाची जागा सुरक्षित राहिली आणि मधली जागा फाटली, हे प्रत्येक प्रेशर शाफ्ट डिझायनरने लक्षात ठेवायला हवं. आपण तपशीलवार तपासणी तळाशी करतो आणि मधल्या शंभर मीटरला तक्त्यातली जाडी देऊन मोकळे होतो.

त्या अपघातानंतर लोझानच्या तंत्रविद्यापीठात श्लाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरंच काम केलं. लायनरचा आधार कुठे ढिला झालाय हे दाबाच्या लाटेच्या प्रवासावरून ओळखता येईल का, हाही त्यातलाच एक विषय. संधी मिळाली तर ते जरूर वाचा.

आता वेल्डिंग. माझ्या दृष्टीने ठेकेदाराचा प्रस्ताव स्वीकारायचा की नाही हे गणितापेक्षा इथे ठरतं.

उच्च ताकदीच्या पोलादाचा मुख्य शत्रू हायड्रोजन. इलेक्ट्रोडच्या लेपातला ओलावा वेल्डिंगच्या आर्कमध्ये फुटतो, हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो, आणि वेल्ड थंड झाल्यावर काही तासांनी किंवा दोन दिवसांनी भेग पडते. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या डी-१.१ संहितेत एक छोटा तक्ता आहे. भट्टीतून काढलेला ई-७०१८ इलेक्ट्रोड चार तास उघडा चालतो. ए-५१७ ला लागणारा ई-११०१८ फक्त अर्धा तास. अर्ध्या तासात वेल्डर शाफ्टमध्ये पाळण्याने जेमतेम जोडापर्यंत पोचतो. म्हणजे पोर्टेबल ओव्हन वेल्डरच्या हाताशी, चालू अवस्थेत, गरम हवा, आणि त्याला वीज देणारी वायर शाफ्टमध्ये त्याच्याबरोबर खाली उतरायला हवी. जुलैमध्ये कोकणाच्या बाजूने शाफ्टमध्ये हवा शिरते तेव्हा भिंती गळत असतात, प्लेटवर दव धरलेलं असतं. ओव्हन रिकामा किंवा प्लग काढलेला दिसला तर तो जोड थांबवायचा अधिकार तुमच्या इन्स्पेक्टरला लेखी द्या.

हिमालयातल्या एका कामावर पाहिलेली गोष्ट सांगतो. शाफ्टमधल्या परिघाच्या जोडांची रेडिओग्राफी स्वच्छ आली होती, नेहमीची अल्ट्रासॉनिकही स्वच्छ. एका जोडावर वेल्डची टोपी ग्राइंड करून सपाट केली आणि प्रोब वेल्डच्या रेषेवरूनच, वेल्डच्या दिशेने चालवला, तेव्हा आडव्या भेगांचे प्रतिध्वनी ओळीने दिसायला लागले. वेल्डच्या रेषेला काटकोनात, काही मिलिमीटर लांब, पृष्ठभागाखाली. परिघाच्या जोडाला ताण कमी असतो असं आपण शिकतो, कारण लायनरचा मुख्य ताण परिघाच्या दिशेने असतो, जोडाला समांतर. पण भेग जोडाला आडवी असेल तर तोच मुख्य ताण तिला सरळ उघडतो. आणि बाजूने चालवलेला प्रोब, फिल्म किंवा टीओएफडी (अल्ट्रासॉनिकचाच एक प्रकार) यांना ही भेग सहज हुकते. म्हणून तपासणीच्या कलमात नेमकं लिहा: टोपी सपाट करून आडव्या दोषांसाठी स्वतंत्र अल्ट्रासॉनिक, वेल्ड पूर्ण थंड झाल्यापासून ४८ तासांनी. संध्याकाळी वेल्ड आणि सकाळी तपासणी, असा कार्यक्रम या पोलादाला चालत नाही. वेळापत्रकात हे दोन दिवस आधीच दिसायला हवेत, नाहीतर साइटवर ते कोणी देत नाही.

प्रीहीटला सिरॅमिक पॅड लावा, गॅसचा टॉर्च नको. ३६ मिलिमीटरला १०० ते १५० अंश, पूर्ण परिघावर, आणि वेल्ड संपल्यावर लगेच थंड होऊ न देता काही वेळ गरम ठेवायचं, म्हणजे हायड्रोजन बाहेर पडतो. उलट बाजूने, उष्णता जास्त झाली तर क्वेंच्ड-टेम्पर्ड प्लेट वेल्डशेजारी मऊ पडते, म्हणून हीट इनपुट आणि दोन पासांमधलं तापमान दोन्हींना वरची मर्यादाही हवी. परिघाच्या जोडाला प्लेटपेक्षा थोडं कमी ताकदीचं वेल्ड मेटल चालवायला मी तयार असतो, त्याने आडव्या भेगा कमी होतात. उभ्या जोडाला मात्र नाही, तिथे पूर्ण ताकद हवी. आणि उभे जोड शक्य तितके वर्कशॉपमध्ये, सबमर्ज्ड आर्कने (पावडरीच्या थराखाली होणाऱ्या वेल्डिंगने), दोन्ही बाजूंनी.

टॅक (तात्पुरता छोटा वेल्ड), क्लीट (जुळणीपुरता जोडलेला तुकडा) आणि आर्क स्ट्राइक (इलेक्ट्रोड चुकून प्लेटला टेकल्याचा डाग) या तीन क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर मी सर्वांत कडक असतो. फेरूल (लायनरचे नळीसारखे तुकडे) जुळवताना फिटर प्लेटवर क्लीट टॅक करतो, पाचर ठोकतो, काम झालं की हातोड्याने क्लीट पाडतो. ए-५३७ वर हे खपून जातं. ए-५१७ वर प्रीहीट न केलेला टॅक म्हणजे तयार भेग, आणि पाडलेल्या क्लीटखाली प्लेटचा तुकडा निघून येतो. टॅकलाही प्रीहीट, क्लीट गॅसने किंवा ग्राइंडरने काढायचा, जागा घासायची, मॅग्नेटिक पार्टिकलने तपासायची. ग्राउट होलही शक्य तितकी टाळा. प्रत्येक भोकाला प्लग वेल्ड लागतो. काँक्रीटमध्ये पुन्हा वापरता येणाऱ्या ग्राउटिंग नळ्या आधीच पुरून ठेवता येतात.

भेगेबाबत एक आकडा प्रत्येक बैठकीत टेबलावर ठेवा. परवानगीचा ताण २२९ वरून ३३१ वर गेला आणि प्लेटचा चिवटपणा तेवढाच राहिला, तर लायनर सोसू शकणारी भेगेची लांबी निम्म्याहूनही कमी होते, कारण त्यात ताणाचा वर्ग येतो. म्हणून फक्त यील्डचं प्रमाणपत्र घेऊ नका. प्लेट, वेल्ड मेटल आणि वेल्डशेजारचा भाग, तिन्हींच्या शार्पी (आघात देऊन चिवटपणा मोजणाऱ्या) चाचण्या मागा.

पंप्ड स्टोरेज असल्यामुळे थकवाही मोजा. रोज चार वेळा मोड बदलला तर ५० वर्षांत ७३,००० मोठे चक्र होतात, शिवाय ग्रिडला आधार देताना होणारे छोटे. वेल्डची थकव्याची ताकद पोलादाच्या दर्जाने वाढत नाही, ए-५३७ आणि ए-५१७ चे वेल्ड तिथे समान. पण ताण दीडपट झाल्याने तेवढ्याच टक्के दाबाच्या चढउतारात ताणाचा पल्लाही दीडपट. चांगल्या, निर्दोष वेल्डला हे झेपतं. दोष असेल तर नाही. उभ्या जोडात दोन कडा २ मिलिमीटरने वरखाली असतील तर ५२ मिलिमीटरमध्ये त्याने ताण साडेअकरा टक्क्यांनी वाढतो, ३६ मध्ये जवळपास १७ टक्क्यांनी. जुनी जुळणीची मर्यादा नव्या पातळ प्लेटला तशीच लावू नका. उभ्या जोडाला १ मिलिमीटर मागा. वर्कशॉपमध्ये ते मिळतं.

तर ठेकेदाराला उत्तर देताना असं लिहा: तळाचा दाब जिथे ए-५३७ मध्ये ४० मिलिमीटरहून जास्त जाडी मागतो, तेवढ्या लांबीत आणि बायफर्केशनला ए-५१७ मान्य. किमान जाडी खडकाशिवायच्या तपासणीने आणि बकलिंगने ठरेल. रेड बोल आणि ब्रेशियाच्या पट्ट्यांत खडकाची मदत शून्य. आणि प्लेटची ऑर्डर देण्याआधी त्याने प्रत्यक्ष साइटवर, पावसाळ्यात, त्याच वेल्डरांकडून, शाफ्टमधल्या उभ्या-आडव्या स्थितीत पूर्ण जाडीचा नमुना जोड करून दाखवावा. तो ४८ तासांनी तपासावा, मग कापून शार्पी आणि कठिणपणा मोजावा. नमुना ऑक्टोबरनंतर करू असं तो म्हणाला, तर प्लेटची ऑर्डरही ऑक्टोबरनंतरच.